धायरीचे निष्कर्ष

१ जानेवारी २००३. सकाळी ५.४०
यंदा रीडर व्हायचंच. एकवीस वर्षं लेक्चरर म्हणून खडू झिजवला, पुरे! मुलाखत तीस तारखेला. सोबत स्टडी टूरचा अहवाल हवा. विषय : उदारीकरणानंतरची, पुण्याच्या वेशीवरची धायरी. एम.ए.च्या पोरांना घेऊन ११ला जायचं. रोज पहाटे उठून लिहिणार. हेमाला शब्द दिलाय, रीडर झालो की फ्लॅट. ती 'बरं' म्हणाली. बायकोला उत्साह म्हणून नाही.

२ जानेवारी. सकाळी ९.१०
थंडी फार. उद्यापासून.

५ जानेवारी
अहवाल पूर्ण! टूर व्हायचीय, पण धायरीत काय आहे ते मला घरबसल्या दिसतं. हेमालाही हेच सांगितलं. निष्कर्ष : जमिनी विकून गावकरी देशोधडीला, विकास फक्त कागदावर. चाळीस कुटुंबांचे तक्ते भरले. ग्रामस्थांच्या चहाबद्दल आभारही मानून टाकले.

७ जानेवारी
विद्यापीठात अहवाल दिला. आवक खिडकीवर मालनबाईंनी तारखेचा शिक्का मारला. सर्वांत आधी मीच. आमच्या खात्यातला आमोदही उमेदवार, मला आठ वर्षांनी ज्युनियर. दोन महिने स्वारगेटहून बस पकडून धायरीत दारोदार फिरतोय. अक्कल नसली की तंगडतोड आलीच.

११ जानेवारी
ठरवलेली बस आलीच नाही. टूर १८ला. अहवालावर परिणाम शून्य.

१८ जानेवारी. संध्याकाळी ७
टूर झाली. पहिलंच घर कोंडीरामचं. जमीन बिल्डरला दिलेला माणूस. मी पोरांना आधीच बजावलं होतं, हळू विचारा, दुखावेल बिचारा. बिचारा चार मजली इमारतीतून खाली आला. तीन मजले भाड्याने, सगळी कॉम्प्युटरवाली पोरं.
मला निरखून म्हणाला, "तुमी कालेजातले मास्तर न्हवं? ब्याण्णव साली बाईंना घिऊन प्लाट बघाया आलतात. चिखल बघून स्कूटरवरनं उतरलाच न्हाईत. आता या की आत, फरशी हाय."
पोरं हसली. अपूर्वा नावाच्या आगाऊ मुलीने ते वहीत उतरवूनही घेतलं.
ब्याण्णव साली हेमा रडली होती त्या प्लॉटसाठी. इथे कुत्रंसुद्धा राहणार नाही, असं मी म्हणालो होतो. असो. चहा मात्र दिला कोंडीरामने. म्हणजे अहवालातला तेवढा भाग बिनचूक.

१९ जानेवारी
एक कोंडीराम म्हणजे धायरी नव्हे. तक्ते बदलणार नाही.

३० जानेवारी. दुपारी ४
मुलाखत. अध्यक्षांनी माझं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, 'दि. ११ रोजी चाळीस कुटुंबांना भेटी दिल्या.' मग मालनबाईंचा शिक्का दाखवला. ७ जानेवारी.
टायपिंगची चूक, मी म्हणालो.
"अहो, चूक कसली? आपण जायच्या आधीच जाऊन आलात. तसंच आजच घरी सांगून टाका, रीडर झालो म्हणून."
सगळे हसले. मीही हसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मालनबाईंची तक्रार करणार. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायची काय गरज?

१५ फेब्रुवारी
आमोद रीडर झाला. वशिला, दुसरं काय!

२३ फेब्रुवारी. सकाळी १०
आमोदने धायरीत फ्लॅट घेतला. आज वास्तुशांत. दोघांना आमंत्रण. मोठ्या मनाने जायचं ठरवून इस्त्रीचा शर्ट काढला. हेमा चपला घालत म्हणाली, "तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्हाला घरबसल्या दिसतं."
गेली. एकटीच.