मामाच्या नावाचा बिल्ला आणि एकवीस नारळ

तीर्थस्वरूप किसनमामा आणि तानामामी यायले,

अभिषेकचा समुद्राच्या काठावरून, वाळूत गुडघे टेकून नमस्कार. (खरंच टेकले. आता वाळू कुठं कुठं गेली ते विचारू नका.) मामा, तुमचा डावा गुडघा कसा आहे? मामी, तुमच्या कुरोड्या वाळल्या का, का यंदाबी माकडायनंच खाल्ल्या? आर्णीले ऊन किती आहे? इथं ऊन आपल्यापेक्षा कमी आहे, पण घाम असा येते की आंघोळ करून निघालेला माणूस लगेच पुन्हा आंघोळ केल्यासारखा दिसते. बाकी आम्ही दोघं मजेत. हे पत्र रिसॉर्टच्या टेबलात सापडलेल्या कागदावर लिहून राह्यलो. फोनले रेंज नाही, आणि तुमचं व्हाट्सॲप आधी दुकानातला सोनू वाचते, हे मले माहीत आहे. इंग्लिश मीडियमवाल्याच्या मराठीत चुका निघतीलच, त्या पोटात घाला.

मामा, पहिले तुमचे आभार. तालुक्यात सर्वात जास्त कपाशीचं बियाणं तुमच्या कृषी केंद्रातून गेलं, म्हणून कंपनीनं तुम्हाले ही बेटावरची कपल टूर दिली. मामी म्हणाल्या, "समुद्र मी टीव्हीत पाह्यला, बास झाला," आणि तुम्ही ती टूर आमच्या नव्या जोडप्याच्या ओटीत टाकली. तुम्हाले काय सांगू, मले किती गरज होती! लग्नाले बावीस दिवस झालते, अन् शाल्मलीशी माहं सलग पाच मिनिटं बोलणं झालं नव्हतं. यवतमाळच्या आमच्या घरात पाहुणे हटतच नव्हते. मी काही विचारलं की ती "हो" म्हणे. कधी "नाही" म्हणे. एकदा "ठीक" म्हणाली तर त्या दिवशी मी कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरायले सुट्टी देऊन टाकली. वरून आषाढातली अखाडी समोर दिसत होती. म्हणजे आता ती महिनाभर माहेरी, केळापूरले जाणार, अन् परत येईपर्यंत माहं तोंड तरी ध्यानात ठेवते का नाही, याची मले काळजी. म्हटलं, पाच दिवस आहेत, ती आहे, मी आहे, समुद्र आहे. एवढ्यात ओळख झाली नाही तर होतच नाही.

पण मामा, कपल टूर म्हणजे बावीस कपल, हे तुम्ही सांगतलं नव्हतं. बोटीतून उतरलो अन् पाहतो तर अर्धा जिल्हा जेट्टीवर उभा! पुसदचे, वणीचे, दिग्रसचे, सारे बियाणेवाले, सारे पन्नाशीच्या पुढचे, बायका नऊवारीत नाही तर कडक इस्त्रीच्या साडीत, अन् साऱ्यायच्या पिशवीत ठेचा. कंपनीनं तिकिटावर आमचं नाव बदललं, पण गळ्यात घालाचे बिल्ले आधीच छापले होते. त्यामुळं इथं मी श्री. किसनराव आहे आणि शाल्मली सौ. तानाबाई. कंपनीचे साहेब पहिल्या दिवशी माह्याकडं पाहून म्हणाले, किसनरावजी, तब्येत मस्त ठेवली हो तुम्ही. मी थँक्यू म्हटलं. (दुसरं काय म्हणणार?)

आता पुसदचे पूनमसिंगजी आणि त्यायच्या बसंतीबाई. मामा, माणसं सोन्यासारखी, पण चोवीस तास सोन्यासारखी. बसंतीबाईनं शाल्मलीच्या हातातला हिरवा चुडा पाह्यला अन् ओरडल्याच, "अगं बाई, नवी नवरी हाय हे तं!" झालं. नव्या नवरीची ओटी भरल्याशिवाय कोणी घास खाईना. एकवीस बाया, म्हणजे एकवीस ओट्या, म्हणजे एकवीस नारळ. रिसॉर्टचा माणूस बिचारा झाडावर चढ-उतर करून दमला. त्याले वाटलं या लोकायच्या देशात नारळच नाही. तांदूळ किचनमधून आले. तिथला शेफ विचारत होता की भात कच्चाच खाणार का. आमच्या रूममध्ये गुलाबाच्या पाकळ्यायचा हंस करून ठेवलता, त्याच्यावर नारळ रचले. आम्ही दोघं दोन कोपऱ्यात बसलो, मध्ये नारळ.

दुसऱ्या दिवशी मी हिंमत केली. पॅकेजमध्ये वाळूवर मेणबत्ती लावून दोघांचं जेवण होतं. छोटा टेबल, दोन खुर्च्या, लाटा. मी इंग्रजीत पाठ केलेलं एक वाक्य मनातल्या मनात मराठीत करून राह्यलोच होतो, तेवढ्यात बसंतीबाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. "काहून बाप्पा, असे एकटे बसले? भांडले का?" म्हटलं, नाही हो मावशी, रोमँटिक डिनर आहे. तर म्हणे, "नव्या पोरीले असं टाकून देते का कोणी? घरचे काय म्हणतीन आमाले!" पंधरा मिनिटांत चव्वेचाळीस खुर्च्या लागल्या. चुकलो, बेचाळीस, आमच्या दोन आधीच होत्या. मेणबत्तीच्या उजेडात बोंडअळीवर चर्चा झाली. बिचाऱ्यायचं बरोबर आहे मामा, मागच्या वर्षी गुलाबी अळीनं साऱ्यायची झोप उडवली. सडकी बोंडं घेऊन लोक दुकानात येतात अन् काउंटरवर ओततात, हे तुम्ही भोगलंच आहे. पूनमसिंगजी इथं मालिशवाल्याकडं गेले. त्यानं विचारलं, दुखते कुठं? तर म्हणे, काउंटरवर.

आता मुद्दा. तिसऱ्या दिवशी सत्कार होता. साहेबानं माइकवर पुकारलं, किसनरावजी, एवढं बियाणं तुम्ही विकलं कसं, सर्वांना सांगा! मामा, मले कपाशीतलं काय समजते? (लहानपणी तुमच्या वावरात गेलतो तेव्हा मी बोंडाले लिंबू समजलो, ते मामी अजून साऱ्यायले सांगतात.) पण मी टाय घातली होती, माइक हातात होता, थांबलो नाही. म्हटलं, मार्केटिंग! गिऱ्हाइकाले फ्री पायजे असते! आपल्या मोठ्या पिशवीसोबत बियाण्याची छोटी पिशवी फ्री आहे, हेच मी सांगतो! सारे खो खो हसले. मले वाटलं, जमलं.

अन् मामा, शाल्मली उठली. जी बाई लग्नापासून "ठीक"च्या पुढं गेली नव्हती, ती तिथून, माइकशिवाय, साऱ्यायले ऐकू जाईल अशी बोलली. "ते फ्री नाही हो. ते साधं बियाणं आहे, बांधाच्या कडेनं पाच ओळी लावाले देतात. अळीचं ताट वेगळं वाढून ठेवाचं, म्हणजे अळीची जात बिघडत नाही, अन् आपल्या ताटात, म्हणजे मोठ्या पिशवीच्या कपाशीत, अळीसाठी जे विष असते ते पचवाले ती शिकत नाही. आमच्या बाबाले दुकानात सांगतलं होतं, फेकून द्या ते. त्यायनं फेकलं. तुमच्यापैकी कोणी सांगतलं का कोणाले, की फेकू नका?"

साहेब पाणी प्याले. मले वाटलं आता तुमची डीलरशिप गेली. पण पूनमसिंगजी उठले, टोपी काढली अन् म्हणाले, "बेटी, खरं हाय. मीच सांगतो, फेका म्हणून. कोनाले टाइम हाय समजावाले? पन आता तू मले समजाव, मी लोकायले समजावतो."

तेव्हापासून दोन दिवस इथं शाळा भरली आहे मामा. पोहायचा टाइम कॅन्सल, बोटीची सफर कॅन्सल. शाल्मली काडीनं वाळूवर वावर काढते, बांध दाखवते, अन् बांधाच्या कडेच्या ओळीले खूण म्हणून आमच्या रूममधले नारळ. ते उचलून मांडाचं काम माह्याकडं. तुमच्या वयाचे डीलर लोक वह्या घेऊन वाळूत मांडी घालून बसतात. काल ती ओळी आखून राह्यली होती, मी नारळ मांडत होतो, अन् मागून हाक आली, "किसनराव, तुमची ओळ वाकडी चालली!"

मामा, माफ करा. नवऱ्याचं नाव घेणं तिच्या घरी चालत नाही. पण बिल्ल्यावरचं नाव नवऱ्याचं नाही ना, मग त्याले काय अडचण! अन् एकदा हाक सुटली ती सुटलीच. किसनराव, इकडं या. किसनराव, तुम्हाले बोंड अन् लिंबातला फरक तरी समजते का? किसनराव, खरंच तुम्ही घाबरले होते का माइकवर? संध्याकाळी आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो अन् ती दोन तास बोलली, बाबांबद्दल, वावराबद्दल, अन् लग्नाच्या आधी मले फोटोत पाहून ती का हसली होती त्याबद्दल (ते मी लिहिणार नाही). बसंतीबाई खुर्ची घेऊन आल्या होत्या, पण पूनमसिंगजीनं त्यायले अर्ध्या वाटेतून परत नेलं.

बस, एवढंच. उद्या निघतो. मामीसाठी शंख घेतला. मोठ्यायले पाया पडणं, लहानायले पप्पी.

तुमचाच,
अभिषेक (सध्या किसनराव)

ता. क. : मामा, एक छोटंसं काम होतं. तुम्ही आमच्या घरी जाऊन बाबाले असं सांगा की यंदा दुकानात शेतकऱ्यायले समजावून सांगाले शाल्मलीच पायजे, जून ते ऑगस्ट, एक दिवसबी खाडा चालणार नाही. म्हणजे आपोआपच अखाडीले केळापूरले जाणं होणार नाही. हे मी सांगतलं असं कोणाले सांगू नका, खास करून तिले. ती तुमच्याकडंच राहीन. मी मदतीले शनिवार-रविवार येईन. (सोम ते शुक्रबी येऊ शकतो.)

ता. क. दुसरा : मामाजी, मामीजी, शाल्मलीचा नमस्कार. पाकीट यांनी मला चिकटवायला दिलं होतं, आधी मी वाचलं. दुकानात मी जूनमध्ये नक्की येईन, पण अखाडीले मी जाणार. आई वाट पाहून राह्यली आहे. बाबा यंदा पहिल्यांदाच त्या पाच ओळी लावणार आहेत, अन् त्यावर अळी आली का हे रोज सकाळी पाहाले एक माणूस पायजे. अखाडीत नव्या जावयानं सासरच्या घरात पाय ठेवू नये असा आमच्याकडं नियम आहे. वावराबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही, मी आईले विचारून ठेवते. तुम्ही यांना धाडून द्या. वावरात डबा घेऊन मीच जात असते.