तो वायसर मी काढला होता, दाजी

प्रिय दाजी,

तुमच्या दहाव्याला मी बोलायला उठलो आणि पुन्हा एकदा गप्प बसलो. म्हणून हे पत्र. तुम्ही समोर होतात तेव्हा जे ओठांवर आलं नाही, ते आता कागदावर लिहायला बसलोय. शूर आहे ना तुमचा मेव्हणा! माणूस गेल्यावर त्याला खरं सांगायला कसली छाती लागते?

झालं असं, की चार जण बोलून झाल्यावर डेअरीचे जुने चेअरमन उठले. म्हणाले, "मानूस लाखाचा हुता. जल्मात एक डाव दुधात चुकला, पर कोन चुकत न्हाय? गेलेल्या मानसाचं आता काय काढायचं?" आणि काढलंच की त्यांनी, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर! आक्का बायकांमध्ये बसली होती. तिनं पदर पुढं ओढला. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, "दाजी देवमाणूस होते," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. दुधाबद्दल एक अक्षर नाही.

दाजी, त्या दुधाच्या कॅनचा वायसर मी काढला होता.

लिहिलं बघा. चाळीस वर्षं लागली एवढ्या एका ओळीला.

तुम्हाला माझी फटफटी आठवत असेलच. गुरांच्या दवाखान्यात नोकरी लागली, नेमणूक नेमकी तुमच्याच गावी झाली आणि दोन महिन्यांसाठी म्हणून तुमच्या घरी आलेला मेव्हणा तीन वर्षं हलला नाही. तुम्ही कधी तोंडातून काही काढलं नाहीत. बार्शीच्या एका रिटायर डॉक्टरांची जुनी मोटारसायकल मी घेतली, तेव्हा तर तुम्ही तिला हार घातलात. नंतर मात्र रोज चिडवायचात. "पाव्हणं, तुमची म्हैस पितीय लई, पर धार काय देत न्हाय!"

आणि त्या दुष्काळात तिचं रबर फाटलं. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारं ते चार बोटांचं रबर. उन्हानं त्याला भेगा पडल्या, त्यातून हवा ओढली जायची आणि जरा मूठ पिळली की गाडी खोकून बंद! उस्मानाबादला दुकानं पालथी घातली. सोलापूरच्या जुन्या बाजारात अख्खा दिवस घालवला. सगळीकडं एकच उत्तर, ह्या गाडीचं सामान आता येत नाही. मग सायकलची ट्यूब कापून गुंडाळली, तर दोन दिवसांत पेट्रोलनं फुगून तिचा पापड झाला. तुम्ही पोट धरून हसलात. "काय शोधायलाव पाव्हणं रोज? माजी बैलं लावा की पुढं!"

शेवटी भूमच्या मिस्त्रींनी उपाय सांगितला. दुधाच्या कॅनच्या झाकणात पांढरं रबर असतं, तो वायसर तेलातुपाला दाद देत नाही, पेट्रोलमध्येही बरेच दिवस टिकेल. "एखादा फुटका, टाकून दिलेला वायसर आना सायेब," असं ते म्हणाले. फुटका म्हणाले होते, दाजी! मी नीट ऐकलं होतं.

डेअरीचे कॅन तुम्हीच बैलगाडीतून भूमला न्यायचात. विहिरी आटल्या होत्या, शेतात काडी नव्हती, पण घरोघरी एखादी दुभती म्हैस लोकांनी कशीबशी जगवली होती आणि तिच्या दुधावर चूल पेटत होती. सगळ्या गावाचं ते दूध तुमच्या हवाली. दुपारी कॅन धुऊन तुम्ही अंगणात पालथे घालायचात, झाकणं शेजारी ओळीनं वाळत ठेवायचात. त्या दुपारी तुम्ही बैलांना पाणी पाजायला गेला होतात. आक्का पाण्याच्या टँकरपाशी रांगेत होती. मी एक झाकण उचललं, चाकूनं वायसर उपसला आणि खिशात घातला. झाकण ढिलं लागू नये म्हणून त्या खाचेत सुतळी गुंडाळून ठेवली. केवढा हुशार!

भूमचं दुकान उघडलं की संध्याकाळी नवा वायसर आणून बसवू, असा माझा बेत होता. मिस्त्रींनी पट्टी कापून दोन पदरी गुंडाळली, तारेनं आवळली आणि पहिल्याच किकला गाडी अशी सुरू झाली, की मी हुरळलो. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे साहेब परंड्याकडच्या गुरांच्या छावणीवर येणार होते. जनावरांसाठी मला गाडी हवी होती, असं मी इतकी वर्षं मनाला बजावत आलो. खोटं आहे ते. जनावरं काय, मी सायकलवरही गाठली असती. साहेबांसमोर सायकलवरून उतरायची मला लाज वाटत होती, बाकी काही नाही. मी भूमहून रात्रीच तसाच तिकडं गेलो आणि वायसर विसरलो.

सकाळी तुम्ही अंधुक उजेडात कॅन भरून निघालात. त्या खडखडत्या रस्त्यानं सुतळी भिजली, सुटली आणि भूमला पोचेपर्यंत एक कॅन अर्ध्यावर आला. फुफाट्यात सांडलेलं दूध कुणाला दिसणार? लोकांना वाटलं, फाट्यावरच्या हॉटेलात तुम्ही विकलं. झाकणात सुतळी सापडली, तर म्हणाले, गळाल्याचं सोंग करायला ह्यानंच वायसर काढला.

डेअरीसमोर सगळा गाव जमला. तुम्ही एकच सांगत होतात, "कॅन गळला हो. माज्या बैलांची आन घेतो, कॅन गळला." चेअरमननी माझ्याकडं बघितलं. "सायेब, तुमचंच दाजी हायेत. तुमी शिकलेलं. तुमीच सांगा, काय करावं?"

तेव्हा बोलायचं होतं. तेवढीच वेळ होती. गाडी तिथंच कडुनिंबाखाली उभी होती, नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. आणि मी म्हणालो, "नातं बाजूला ठेवा. नियमानं काय होतं ते करा."

लोकांनी मान डोलावली! सख्ख्या दाजीलाही सोडलं नाही, असा साहेब पाहिजे, म्हणाले. त्या एका वाक्यावर मी पुढं सरळ माणूस म्हणून मिरवलो. बदली होऊन जाईन तिथं ही गोष्ट माझ्याआधी पोचायची आणि मी खाली मान घालून ऐकून घ्यायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

तुमच्याकडून कॅन वाहायचं काम गेलं. घरी आल्यावर आक्का माझ्यादेखत तुम्हाला म्हणाली, "माज्या भावाला खाली बघायला लावलं तुमी. त्येचं तोंड तरी आठवायचं हुतं." तिनं मला ताट वाढलं आणि मी जेवलो, दाजी. दोन भाकरी खाल्ल्या मी त्या दिवशी.

मग तुम्ही रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागलात. त्याच रस्त्यानं मी धुरळा उडवत जायचो. आणि एक दिवस गाडी नेमकी तुमच्यापुढंच बंद पडली. तुम्ही हातोडी ठेवून आलात, खाली वाकलात. काळ्या इंजिनाला ते पांढरं रबर. ज्या माणसानं रोज धुतलं, त्याला ओळखू येणार नाही? तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात. मला वाटलं, आता हा माणूस मला इथंच खडीवर आडवा करणार. बरं झालं असतं!

तुम्ही ढिली झालेली तार पिळून आवळलीत. उठताना हळूच म्हणालात, "आक्काला कळू देऊ नगा. आईबाप गेलं, आता तुमच्याबिगर म्हायेर हाय कोन तिला?"

एवढंच. पुन्हा कधी विषय नाही. दर दिवाळीला भाऊबीजेला मी यायचो, तुम्ही पाट मांडायचात, आक्का मला ओवाळायची. "माझा भाऊ म्हणजे सोनं," असं तुमच्याकडं बघून म्हणायची आणि तुम्ही हसायचात. कसं हसता आलं हो तुम्हाला? एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतं! तुमच्यावर रागही येतो कधी कधी. तुम्ही गप्प बसलात म्हणून मलाही गप्प बसायला सोपं गेलं. हे लिहितानासुद्धा बघा, दोष तुमच्यावर ढकलायला निघालोय. सवय जात नाही.

दाजी, तुमचा शब्द मी मोडणार आहे. उद्या सकाळच्या एसटीनं गावी येतोय. आधी आक्काला सांगणार आणि तिथून उठून चेअरमनच्या दारात, चार माणसं बोलावून, वर लिहिलेली तीच ओळ. तुम्ही तिचं माहेर राखलंत, पण तेवढ्यासाठी ती जन्मभर एका चोराची बायको म्हणून खाली मान घालून नांदली. पंच्याहत्तरी उलटलीय तिची. आता किती दिवस राहिलेत? माहेर तुटलं तर तुटू दे. येत्या भाऊबीजेला तिनं दार लावून घेतलं, तर मी बाहेरूनच नमस्कार करून परत फिरेन. पण तिला तिचा नवरा परत मिळू दे.

तुमचा मेव्हणा,
श्रीपती