खालचे दोन सिलिंडर

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पायाचं ऑपरेशन नीट झालं. घरी येताच चिमी म्हणाली, बाबा, विमानाच्या इंजिनाचा आवाज खटकतोय. कुबडी घेऊन हँगर गाठला, तिच्याकडून खालचा सिलिंडर उतरवला. आतला रॉड वाकलाय. मी दवाखान्यात असताना प्रदर्शनाला इंजिन तू चालू केलंस आणि तीन दिवस गप्प बसलास! रविवारी याच विमानातून ती उडणार होती. वर गेल्यावर रॉड तुटला असता तर? पुतणी आहे ती तुझी, गिऱ्हाइकाची गाडी नव्हे.

तुझ्या रोटरी गाड्यांत तिकोनी रोटर आपल्या पोकळीत गरगरतो. किल्ली फिरवली की काम झालं. जुन्या विमानांच्या रोटरीत तर अख्खं इंजिनच पंख्याबरोबर फिरायचं. आपलं रेडियल तसं नाही. नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे जागच्या जागी, फिरतो तो मधला दांडा. बंद उभं राहिलं की तेल खालच्या दोन सिलिंडरांत झिरपतं. तेल दबत नाही, तसंच चालू केलं तर रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवून बघायचा, अडला तर तेल काढायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू फिरवला नाहीस. गॅरेजवाला तो गॅरेजवालाच!

हँगरची किल्ली परत पाठव. लोभ आहे, पण आज मागू नकोस.

दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

किल्ली सोबत आहे. रॉड माझ्या हातून वाकला, कबूल. इंजिन जरा अडखळलं होतं, तरी बोललो नाही. त्याबद्दल चिमीची माफी वेगळ्या पत्राने मागितली आहे. पण खोटा आळ ऐकून घेणार नाही. पंखा मी फिरवला होता. मध्येच तो अडला. खालचे स्पार्क प्लग काढून तेल गळू द्यायला अर्धा तास हवा, आणि पाहुणे घड्याळ बघत उभे. मी पंखा उलटा फिरवला. सुटला. ते तेल हवेच्या नळीत जाऊन बसतं आणि इंजिन चालू होताच परत आत येतं, हे तुझं पत्र आल्यावर म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं तेव्हा कळलं.

आता तू ऐक. ही युक्ती मला कोणी शिकवली? आपले बाबा विमानं तपासायचे तेव्हा एकदा तू असाच पंखा उलटा फिरवलास, शिडी मी धरली होती. बाबांना तू सांगितलंस, प्लग काढून तेल गाळलंय. त्यांनी तुझ्या शब्दावर विमान उडवायला सही केली. महिन्याभरात इंजिन हवेत बंद पडलं, पायलटने विमान माळावर उतरवलं म्हणून जीव वाचला, आणि बाबांचं लायसन्स गेलं. का गेलं, ते मला आज कळलं. तुला केव्हापासून ठाऊक आहे? माझ्या गॅरेजात पंक्चर काढता काढता बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझीच नजर चुकली.

वहिनींना नमस्कार. तुला करायचा तेवढा वर केला.

धाकटा

दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

तुझं पाकीट दोन दिवस खिशात होतं. मग मीच चिमीच्या हातात दिलं. वाचून तिने विचारलं, हे खरं का? मी हो म्हणालो. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. नवा रॉड बसला, पण नुसत्या माझ्या सहीवर ती उडणार नाही. तिच्यासमोर काकाने खालचे प्लग काढायला हवेत, असा तिच्या आईकरवी निरोप आलाय.

तू गप्प बसलास त्याचा राग अजून गेलेला नाही. माझा स्वतःवरचा त्याहून जुना आहे. किल्ली परत पाठवतोय. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. रविवारी ये. शिडी मी धरतो.

दादा