ढेप फोडून दहा खडे

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

जमलं! अखेर एआयनं माझ्या वर्गाला बसेल असं नियोजन दिलं.

पहिल्या खेपेला 'चौथीसाठी वजाबाकीचा पाठ' एवढंच लिहिलं होतं. त्यानं प्रोजेक्टर काढला, चाळीस मुलांचे आठ गट पाडले. माझ्याकडं कुठले चाळीस! तिसरी-चौथी मिळून एकोणीस. एक खोली, एक फळा, शिकवणारा मी एकटा. पहिली-दुसरी पलीकडच्या खोलीत अनुजा मॅडमकडं — संपली शाळा.

म्हणून आज प्रॉम्प्टमध्ये सगळं घातलं. फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर तिसरी, उजव्या अर्ध्यावर चौथी. मी एका वर्गाशी बोलत असताना दुसऱ्याला हातानं करायचं काम हवं, गप्प बसायचं नव्हे. खिडकीकडची रांग अकरानंतर उन्हामुळं आत सरकवावी लागते — तेसुद्धा लिहिलं! आलेलं नियोजन असं चपखल, की एक ओळ बदलावी लागली नाही. बरं, एक बदलली. 'विद्यार्थी टॅबवर पाहतील' ही.

कॉम्प्युटरचा एकही क्लास केलेला नाही मी. पन्नाशी उलटल्यावर माझं मी शिकलो. हे कुठं बोलून दाखवत नाही. इथं लिहायला हरकत नाही.

१८ नोव्हेंबर

वर्गात करून बघितलं. फळ्याच्या दोन्ही बाजू चालू, गोंधळ नाही. अनुजा मॅडम दारातनं डोकावून म्हणाल्या, "सर, पोरं हायत का आत?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथीतली शिवलीला पुढच्या महिन्यात शाळा सोडणार. अनुजा मॅडमना रस्त्यात तिची आई रत्नव्वा भेटली. मुलीला आजोळी पाठवायचं म्हणते — गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीत. तिथं शाळेत घालणार का, विचारलं. "बघू" म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "सर, 'बघू' म्हंजे न्हाई. तिथली बारकी पोरं सांभाळायला ठेवणार."

कारण काय, तर "हिला तुमचं मराठी जमत न्हाई. उगं बसून येती."

घरी कन्नड. बाप मल्लेश ट्रकवर, आई गुऱ्हाळावर. वर्गात मुलगी तोंड उघडत नाही. माझ्या वाचनाच्या तक्त्यात — अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, मूल कुठवर पोचलं ते लिहायचं असतं — तिच्यापुढं 'शब्द' आहे. तक्ता माझा पक्का असतो. आजवर एक खाडाखोड नाही.

आई एकाही पालकसभेला आलेली नाही. निरोप जातो मल्लेशच्या फोनवर, आणि फोन असतो ट्रकात! आज मॅडमनी रत्नव्वाचा नंबर मिळवला.

ही मुलगी मी जाऊ देणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

एआयकडून कन्नडमध्ये निरोप लिहून घेतला. मुलीचं नाव घातलं नाही, परक्या यंत्राला कशाला सांगायचं. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चन्नाप्पाचं किराणा दुकान. त्याला कन्नड येतं, म्हणून वाचायला दिला. वाचता वाचता तो गूळ जोखायचा थांबला.

"सर, ही नोटीस कुणावर बजावताय?"

"नोटीस कसली? आईला निरोप आहे."

"हे बँकेचं कन्नड हाय की! असलं वाचून माझी बायको म्हायेरला जाईल, पण शाळंत येणार न्हाई."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. थोडं.

२४ नोव्हेंबर

प्रॉम्प्ट नव्यानं लिहिला. आई कोण, काम काय, कशानं बिचकते. तक्रार नको, 'उपस्थित राहावे' नको. समोरासमोर बोलल्यासारखं हवं. यंत्रानं उलट विचारलं — मुलीनं अलीकडं वर्गात केलेली एक चांगली गोष्ट सांगा, तिथून सुरुवात करू.

चौकट रिकामी. मला माहीत होतं : रांग दुसरी, दप्तर निळं, हजेरी बरी, वाचन 'शब्द'. चांगली गोष्ट? एकही सुचेना! खिडकीतलं ऊन किती वाजता कुठं येतं ते मी यंत्राला सांगितलं होतं.

उद्यापासून बघायचं.

२५ नोव्हेंबर

काही दिसलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!!

चौथीला हातानं करायचं काम देऊन मी तिसरीकडं वळलो होतो. तिसरीचा राजवीर बावन्नातून अडतीस काढताना अडला. "दोनातनं आठ जाईनात." मी उठणार, एवढ्यात शिवलीला सरकत त्याच्या पाटीपाशी गेली. मी तसाच बसून राहिलो.

"ढेप फोड की," ती म्हणाली.

"कसली ढेप?"

"गुळाची. ह्या पाच ढेपा. एक फोडली की दहा खडं. आता बारा खडं झालं का न्हाई? त्यातलं आठ दे."

राजवीरनं उत्तर काढलं. चौदा! वर तिलाच म्हणतो, "मग सर हातचा-हातचा काय म्हणत्यात?"

कान तिखट आहेत माझे, सगळं ऐकलं. ही मुलगी मराठीत बोलते. स्वच्छ बोलते. फक्त माझ्याशी नाही.

२८ नोव्हेंबर

आजच्या नियोजनात ढेपा घातल्या. मातीचे खडे, दहा-दहाच्या पुड्या बांधून. तिसरीच्या गटाची प्रमुख शिवलीला. अख्ख्या तिसरीला वजाबाकी आली. आली म्हणजे आली!

३ डिसेंबर, बुधवार

आज केंद्राची शिक्षण परिषद. आसपासच्या साऱ्या शाळांचे शिक्षक महिन्यातनं एकदा जमतात ती. माझं सादरीकरण होतं. केंद्रप्रमुख उदयसिंह साहेबांनी सुरुवातीलाच टोला हाणला, "आकाराम सर, पाठाचं टाचण मशीन लिवणार, मग तुमी काय झोपणार व्हय?" सगळे खो-खो हसले.

मी शांतपणे दोन्ही नियोजनं शेजारी शेजारी लावली. एका ओळीच्या प्रॉम्प्टचं, आणि माझ्या प्रॉम्प्टचं. मग वजाबाकीचा पाठ दाखवला. साहेब पुढं सरकून बसले.

"हे ढेपेचं मशीननं सुचवलं?"

"नाही साहेब. चौथीतल्या मुलीनं. मी फक्त प्रॉम्प्टमध्ये घातलं. वर्गात बघितलेलं लिहिलं तरच यंत्र कामाचं देतं. नाही तर प्रोजेक्टर काढतं!"

यावेळी हसले ते माझ्या बाजूनं. टाळ्या झाल्या. साहेबांनी माझा प्रॉम्प्ट सगळ्या शाळांना पाठवायला सांगितला. चहाच्या वेळी शिक्षकांनी मला गराडा घातला, चहा गार झाला. तसाच प्यालो. गोड लागला.

६ डिसेंबर, शनिवार

पालकसभेची तारीख. यंत्र म्हणालं शनिवारी अकरा, पालकांना सोयीचं. आम्हीही वर्षानुवर्षं शनिवारीच घेत आलो. सकाळची शाळा, लवकर सुटका — सोय आमची!

अनुजा मॅडम म्हणाल्या, "सर, गुऱ्हाळाला शनिवार-रविवार कुठला? आवसेला तेवढी रसाची काहील चुलीवरनं उतरती."

खरंच की! अमावास्येला गुऱ्हाळ बंद. कॅलेंडर काढलं. शुक्रवार, एकोणीस तारीख. पक्की.

१७ डिसेंबर

निरोप गेला. चन्नाप्पानं एवढंच सुधारलं, "ताई नको, अक्का म्हणा." मग म्हणाला, "आता ह्यो निरोप झाला." कन्नड मला वाचता येत नाही, आणि न वाचलेल्या मजकुराखाली मी सही करत नाही. म्हणून खाली मराठीही ठेवलं, माझ्या हातचं :

'रत्नव्वाअक्का, शिवलीलानं तिसरीच्या राजवीरला वजाबाकी शिकवली. एक ढेप फोडायची, दहा खडे करायचे. मी इतकी वर्षं शिकवतो, मला हे सुचलं नव्हतं. आता सगळा वर्ग तिच्या पद्धतीनं गणित करतो. अवसेला गुऱ्हाळ बंद असतं, तेव्हा या. तक्रार काही नाही. लेकीचं काम बघायला या. — आकाराम सर'

१८ डिसेंबर

व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या, म्हणजे निरोप उघडला. उत्तर नाही.

१९ डिसेंबर, अमावास्या

वर्ग भरला, बायका दाराबाहेरपर्यंत! रत्नव्वा सगळ्यात आधी आलेली. पाटीवरच्या ढेपा बघून झाल्यावर मी मुद्दाम विचारलं, कन्नड निरोप नीट कळला का.

"मला वाचाय येत न्हाई, सर. मराठी न्हाई, कन्नडबी न्हाई. हिनं वाचला की, खालचा. समदा. मग आमच्या भाषेत सांगितला. मी परत वाचाय लावला. परत परत."

शिवलीला आईच्या पदराआड. हसत होती.

"आणि आजोळ?"

"आता कशाला आजोळ?"

घरी येऊन तक्ता काढला. 'शब्द' खोडलं, 'उतारा' लिहिलं. खाडाखोड झाली.

राहू दे.