मानाची खूण

सर,

तुमचा मुलगा काल प्रेसवर येऊन गेला. तुमच्यासारखाच दारात थांबून आधी चष्मा पुसतो आणि मग आत येतो, त्यामुळे माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. मग भान आलं. खुर्ची दिली, चहा सांगितला, हैदराबादच्या उन्हाची चौकशी केली. गुलबर्ग्यात माझ्याबद्दल लोक म्हणतात की हा माणूस कुणाशी वाकडं बोलत नाही, आणि ते खरं आहे. वाकडं बोललं की गिऱ्हाईक जातं. पण तुम्ही काही माझं गिऱ्हाईक नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. म्हणून सरळच सांगतो. बाजारातल्या सौद्यांवरचा तुमचा गाजलेला लेख तुमचा नाही, माझा आहे, असं आपल्या त्रैमासिकाच्या येत्या अंकात पहिल्या पानावर छापून येतंय. लोकांना मी सांगतो की संपादक म्हणून हे माझं कर्तव्यच आहे. तुम्हाला तसं सांगणार नाही. मला याची मजा वाटतेय. किती वर्षांत इतकी शांत झोप लागली नव्हती.

आमच्या बीदरकडं औरादच्या गुरांच्या बाजारात सौदा कसा होतो हे तुम्हाला मी सांगितलं होतं, आठवत असेलच. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर एक टॉवेल टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. तोंडानं चालू असतं ते वेगळंच. "बैल दमायलाय की ओ." "दमायला न्हाई, लाजायलाय, तुमच्याकडं बघून." माझे वडील या सौद्यांत मधला माणूस असायचे. बैलाच्या पोटावरून हात फिरवून ते त्याचं दुखणं सांगायचे, म्हणून सगळे त्यांना बोलवायचे. त्या बाजारात एक मोठा व्यापारी होता, सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांना माझ्या वडिलांची पारख हवी असायची, पण त्यांच्या हाताला हात लावायचा नसायचा. मग ते टॉवेल वडिलांच्या मनगटावर टाकायचे आणि वरूनच, कापडावरून, बोटांनी दाबायचे. जितक्यांदा दाबलं तितका भाव. असा सौदा बाजारात दुसरं कुणीच करत नव्हतं. या दोघांपुरतीच ती रीत होती. बीदर म्हैसूर राज्यात गेलं त्याच सुमाराला आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या बाजारी वडील अप्पांसमोर बसले, मनगटावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "अप्पा, आता बोटं धरा. न्हाई तर सौदा दुसऱ्याकडून करून घ्या." अप्पा उठून गेले. मी तिथंच होतो. पुढं काय झालं ते वडील कधीच बोलले नाहीत, आणि त्यांना विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

हे सगळं मी लिहून काढलं. दिवसा तुमच्या कॉलेजात वर्ग आणि संध्याकाळी त्रैमासिकाच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम, त्या मधल्या वेळात. मनगटाची गोष्ट मी तळटीपेत वेगळी घातली होती, कुणी, का, केव्हापर्यंत, हे सगळं सांगून. त्रैमासिकाचे संपादक तुम्ही, परीक्षक तुम्ही, लेख घ्यायचा की परत करायचा हेही ठरवणार तुम्हीच. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी तो लेख तुमच्या हातात दिला. तुमच्या घरच्या बाईंनी गरम भाकरी वाढली, वर शेंगांची चटणी आणि तेल. तुमच्या घरी माझं ताट वेगळं नव्हतं, आणि हे मी माझ्या वडिलांना घरी जाऊन पुन्हापुन्हा सांगितलं होतं. तुम्ही दोन पानं चाळलीत, कागद गुडघ्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "अरे, तुझे कान चांगले आहेत. पण मांडणी हे निराळं काम आहे, ते तुझ्या हातचं नाही. तू ऐकत जा आणि आम्हाला आणून देत जा." बाई म्हणाल्या, "जेवू द्या की त्याला आधी." मी जेवलो. चटणी तिखट होती, त्यामुळे डोळ्यांचं निभावून गेलं.

आणि मग ती संध्याकाळ. मी खिळ्यांच्या केसपाशी उभा आहे, हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर तुमच्या अक्षरातला मजकूर, वर तुमचं नाव. पहिली ओळ जुळवतो आणि हात ती ओळ न बघताच पुढं जुळवायला लागतो, कारण ती मला पाठ आहे. बैल दमत नाही, लाजतो, तो विनोदसुद्धा आहे. पान उलटतो. तळटीप नाही. मनगट मात्र आहे, वर मजकुरात येऊन बसलंय: या बाजारांत बोटांऐवजी मनगट दाबून भाव सांगण्याचीही पद्धत आहे, ज्येष्ठ मध्यस्थांच्या बाबतीत ती पाळली जाते, ही मानाची खूण होय. सर, ते खिळे मी एकेक करून उचललेत. मा, ना, ची. माझ्या बापाला शिवायला नको म्हणून वर टाकलेलं फडकं, त्याची तुम्ही शाल केलीत. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही, कारण छापखान्यातली नोकरी तुमच्या शब्दावर होती आणि कॉलेजातली फी-माफीसुद्धा. मी फक्त नेहमीपेक्षा जास्त नीट काम केलं. प्रूफ बघून तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "वा, एकही चूक नाही." अंक निघाल्यावर मला एक प्रत भेट दिलीत, आत लिहिलं होतंत: माहिती गोळा करण्यात मदत केल्याबद्दल, सप्रेम.

मी वाट बघायचं ठरवलं. वाट बघणं मला जमतं, बाजारात वाढलेला माणूस आहे मी. पण तुम्ही घाई केलीत. माझा स्वतःचा छापखाना उभा राहण्याआधीच गेलात. तुमच्या शोकसभेत मी बोललो आणि चांगला बोललो, पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी डोळे पुसले. तोवर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं होतं, आणि आपलं मराठी त्रैमासिक कुणाला नकोसं झालं होतं. पुढं माझा छापखाना झाल्यावर ते चालवणाऱ्या मंडळानं ते माझ्या गळ्यात घातलं, छपाई फुकट होईल या हिशेबानं. मी हसत घेतलं. संपादक झाल्यावर पहिल्या बैठकीत नियम घातले. लेख नवा असो की जुना, दोन जाणकारांनी वाचायचा. त्यांच्याकडे पाठवण्याआधी लेखकाचं नाव कात्रीनं कापायचं. ज्यानं माहिती दिली त्याचं नाव लेखात आलंच पाहिजे. आणि ज्याचा लेखाशी काही संबंध असेल त्यानं, मग तो संपादक का असेना, त्या लेखाला हात लावायचा नाही. मंडळातले एक म्हातारे सभासद म्हणाले, "म्हंजे टॉवेलाखालचाच सौदा झाला की ओ हा." सगळे हसले, मीही हसलो. म्हटलं, "फरक एवढाच की इथं भाव उघडा आन् माणूस झाकलेला." हे नियम कशावरून सुचले असं मला पुष्कळदा विचारतात. अनुभवावरून, असं मी सांगतो.

मग तुमच्या मुलाचं पत्र आलं. तुमच्या स्मरणार्थ एक अंक काढा, त्यात बाबांचे निवडक लेख पुन्हा छापा, सौद्यांवरचा पहिला. मी सगळं बाड आमच्या सहसंपादिकेला दिलं. बसवकल्याणच्या कॉलेजात शिकवतात, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. म्हटलं, हे माझे गुरू, माझा हात नको. चोरीबद्दल चकार शब्द काढला नाही. नियम पाळला म्हणून माझं कौतुक करू नका, मला माहीत होतं की मनगटापाशी कुणीतरी अडखळणार. अडखळलाच. वाचणाऱ्या दोघांतला एक, उदगीरकडचा तरुण प्राध्यापक, घरात दोन पिढ्या गुरांचा व्यापार. त्यानं लिहून पाठवलं की बोटांचा भाग अस्सल आहे, मनगटाचा प्रकार मात्र मी एकाही बाजारात पाहिलेला नाही, लेखकानं तो कुठं आणि कुणाच्या सौद्यात पाहिला ते सांगावं, आणि तो मानाचा कशावरून तेही. अक्का तो कागद घेऊन प्रेसवर आल्या. "अण्णा, तुमी तर औरादकडचे. हे मनगटाचं काय हाय?" तेव्हा मी तोंड उघडलं. सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुमी सांगायलाव म्हणून मी छापू का? नियम तुमचाच हाय." मी म्हटलं, छापू नका. अप्पा अजून आहेत, त्यांना जाऊन विचारा, मी येणार नाही.

अक्का औरादला गेल्या. परत आल्या त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, आधी बोलल्या. अप्पा आता खाटेवरच असतात, पण डोकं शाबूत आहे. अक्कांनी तुमचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मान? कसला मान, बाई. त्याला शिवायचं न्हवतं म्हणून फडक्यावरून दाबायचो. त्यानं दीक्षा घेतली आन् म्हणला, बोटं धरा. म्या उठून आलो." मग आपणहून म्हणाले, "दुसऱ्या साली धरली. बैलाच्या पोटातलं सांगणारा दुसरा कोण होता औरादात." अक्कांनी विचारलं, गुलबर्ग्याचे कुणी प्राध्यापक कधी हे विचारायला आले होते का? "परफेसर? न्हाई बा. त्याचं थोरलं पोरगंच तेवढं इचारीत हिंडायचं. कामून, त्याला काय झालं?" दुसऱ्या साली धरली, हे मला त्या दिवशी कळलं. वडील तेवढंसुद्धा सांगायचे राहिले. सांगितलं असतं तर तळटीपेत आणखी एक ओळ आली असती आणि तुम्ही तीही गाळली असतीत.

आता कालचं. तुमच्या मुलानं अक्कांनी लिहिलेल्या दुरुस्तीचा कच्चा मसुदा वाचला आणि कप बाजूला सारला. "काका, लेख काढून टाका. सगळा अंकच रद्द करा, मी काही म्हणणार नाही. पण हे छापू नका."

"छापलेलं काढता येत न्हाई रे बाबा. एका प्रबंधात ते आलंय, एका शाळेच्या पुस्तकात आलंय. पोरं परीक्षेत लिहायलेत, मनगट दाबणं म्हणजे मान. माझ्या बापाचं मनगट हाय ते."

"बाबा असते तर त्यांनी उत्तर दिलं असतं."

"ते होते तवा मीबी होतो. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर उभा असायचो. त्यांनी काही इचारलं न्हाई."

तो खाली बघत म्हणाला, "आईनं तुम्हाला हातानं वाढलंय, काका."

"व्हय. बाईंचं नाव दुरुस्तीत कुठंच न्हाई, बघ नीट."

निघताना तो माझ्या पाया पडला, ती त्याची सवय आहे, आणि मी त्याला आशीर्वाद दिला, ती माझी. वाईट वाटलं का म्हणाल तर मुलाबद्दल वाटलं, तुमच्याबद्दल नाही. तुम्ही जिवंत असायला हवे होतात. तुम्हाला मी प्रूफ आणून दाखवलं असतं, उभ्यानं, आणि एकही चूक नाही असं तुमच्याच तोंडून ऐकलं असतं.

आज दुपारी अक्का पक्की दुरुस्ती घेऊन आल्या. चारच ओळी आहेत, साध्या. सदर लेख संपूर्णपणे अमुक यांनी लिहिलेला असून प्राध्यापकांनी तो स्वतःच्या नावे प्रसिद्ध केला, मनगटासंबंधीचा अर्थ चुकीचा आहे, खरी हकीकत अशी. अक्कांनी पेन्सिल कानामागं लावून विचारलं, "अण्णा, सगळा लेख तुमचाच ना? एकदा नीट आठवून सांगा, मग मी सही करते." मी म्हटलं, सगळा. त्यांनी सही केली. जुळवलेल्या पानांचा फर्मा उद्या सकाळी छपाईच्या मशीनवर चढतोय.

सर, लेखाचा शेवटचा परिच्छेद तुमचा आहे. टॉवेलाखाली हात भांडत असतात आणि वर दोन्ही माणसं आभाळाकडे बघत पावसाचं बोलत असतात, आणि परका माणूस तेवढंच बघून घरी जातो, हे मला कधीही सुचलं नसतं. खिळे जुळवतानाच ते मला आवडलं होतं. अक्कांना मी हे अजून सांगितलेलं नाही.