पायपुसण्यात गेलेला माझा निळा शर्ट

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि सध्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळून हिंडणाऱ्या) भावाचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? पोरं अंगानं वाढताहेत की अजून नुसत्या आवाजानंच? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. घर मात्र तुला ओळखू येणार नाही.

तू मावशीला आठवडाभर इकडे पाठवलंस, तेव्हा मला वाटलं, आईची धाकटी बहीण, निवांत बसेल, बाबांशी चार गोष्टी बोलेल. ताई, ही बाई बसत नाही! आल्या आल्या, स्वतःची पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं माझ्या ऑफिसच्या बॅगेची अडकलेली चेन बघितली, मेणबत्तीचा तुकडा मागितला, दात्यांवरून दोनदा फिरवला आणि चेन सर्रकन उघडली. (ती बॅग मी वर्षभर खालून, फाटलेल्या शिवणीतून वापरत होतो.) फ्रिजला येणारा वास तिनं वाटीभर खाण्याच्या सोड्यानं घालवला. मोडक्या छत्रीचं कापड उसवून बाजाराची पिशवी शिवली, ती पावसात भिजत नाही. बायको तर तिच्या मागे मागे अशी फिरते की मला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. फरक इतकाच, की तेव्हा ती माझ्या मागे फिरत नव्हती.

एवढं कौतुक पाहून मलाही हुरूप आला. दोन काचेचे ग्लास एकात एक अडकून बसले होते. मावशी अंघोळीला गेली होती आणि तिची युक्ती मी ऐकलेली होती : एका ग्लासात गार पाणी, दुसरा गरम पाण्यात. कुठला गरम नि कुठला गार, हा किरकोळ तपशील मी माझ्या बुद्धीवर सोडला. आतल्यात उकळतं पाणी ओतलं, बाहेरचा बर्फात ठेवला. ग्लास सुटे झाले खरे, पण दोनाचे सात झाले. मावशीनं माझं बोट बांधलं, ओल्या कापसानं काचेचा बारीक चुरा टिपला आणि शांतपणे म्हणाली, "बरोब्बर उलटं केलंस. उलटं का होईना, पण केलंस."

पण पत्र लिहायला बसलो ते बाबांसाठी. तुला माहीतच आहे, त्या आजारपणानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि ते गप्प झाले. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण आपल्यादेखत चमचासुद्धा धरेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीतून खाली टाकला. आम्ही विनवण्या केल्या, मी एकदा आवाजही चढवला. उपयोग शून्य.

मावशीनं व्यायामाचं नाव काढलं नाही. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून ती पायपुसण्यासाठी वेणी घालत बसली आणि म्हणाली, "भावोजी, एवढं टोक धरा, मला तिसरा हात नाही." बाबांनी डावा पुढे केला. "त्या बाजूला मी बसलेय. ह्या बाजूनं धरा." बाबा चिडले, पण धरलं. सुटलं. पुन्हा धरलं. दुसऱ्या दिवशी पायाच्या अंगठ्यात टोक अडकवून ते स्वतःच वेणी घालत होते. आणि परवा मावशीची वेणी हातात घेऊन ओरडले, "सैल झालीय. उसवा." कित्येक महिन्यांत ते कुणाला ओरडले नव्हते, ताई! मावशीनं खाली मान घालून मुकाट्यानं उसवली. ती हसत होती, मी बघितलं.

काल मी कामावरून आलो, तर बाबा माझा निळा शर्ट कापत होते. जुना नव्हे, साहेबांसमोर घालायचा एकुलता एक चांगला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. कात्री उजव्या हातात होती. अंगठा थरथरत होता, कापड वाकडं जात होतं, पण कात्री चालत होती. "मधे निळा रंग शोभेल," बाबा मान वर न करता म्हणाले. मी आत गेलो, कपाट उघडलं आणि पांढराही आणून दिला.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना भरपूर पापे.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. मावशीचा आठवडा रविवारी संपतो. तिला आणखी महिनाभर इथेच राहू दे. तुझ्या घरी सगळं ठीक असतं, तुला तिची काय गरज?

ता. क. दुसरा : वरचं रद्द समज. बाबांनी पत्र वाचायला मागितलं, वाचलं आणि चक्क पिशवी भरायला घेतली. रविवारी मावशीबरोबर तेही तुझ्याकडे येताहेत. तुझ्या गॅलरीचं दार करकरतं, ते तुला जमणार नाही, आपणच करायला हवं, असं म्हणाले. मी म्हटलं, बिजागरीत दोन थेंब तेल घातलं की झालं. तर म्हणतात, नीट करायचं तर दोन महिने लागतील. तेव्हा ताई, एवढं ऐक. ते येईपर्यंत त्या दाराला कुणी तेल घालू नका. शेजारी कितीही बोंबलले तरी करकरू दे.