ताईच्या फोटोवरचा हार

चार वर्षांपूर्वी एका सकाळी नाटक कंपनीचा माणूस माझ्या दारात आला. भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहून त्याने हात जोडले आणि मीही उलट हात जोडले. हे मृत्युपत्र त्या सकाळपायी लिहीत आहे.

मी, पंढरी विठू म्हात्रे, वय ४९, यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर, राहणार कोन, तालुका भिवंडी, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी दोन्ही मूत्रपिंडे गेली आहेत. आशा ठेवू नका, असे डॉक्टर म्हणाले. देवाची मर्जी.

१. राहते घर थोरली बहीण सुमन हिला, तिच्या हयातीपर्यंत. ताईने देवळापुढच्या नाटकात काम धरले तेव्हा गावात बायांची कामे पुरुष करीत. बाबांनी दोन वर्षे तिच्याशी बोलणे टाकले. पुढे मुंबईच्या रंगभूमीवर तिने वीस वर्षे काढली. सिनेमे दोन. एकात ती फक्त दार उघडते. ते दार पाहायला आम्ही सगळे कल्याणला गेलो होतो. शेवटी मालिकेत तीन वर्षे आजी झाली. मालिकेने आजीला मारले, तेव्हा तिथला फोटो ताई चंदनाच्या हारासकट मागून घेऊन आली. म्हणाली, "एवढा चांगला फोटो माझा कोणी काढला न्हाय." जिवंत माणसाच्या फोटोला हार नसतो, हे मला कळत होते. तरी तसाच टांगला.

२. पूर्णा येथील दोन गुंठे जमीन मुलगा हितेश यास. घराचे बोलणे निघाले तेव्हा तो म्हणाला, "आत्या तर टीव्हीत कधीच वारली." गंमत होती. आत्यानंतर घर त्याचे; आत्या असेपर्यंत ते विकण्याचा त्याला अधिकार नाही.

३. माझे लूम दुरुस्तीचे पाने कामावरचा सोबती सिराज याला द्यायचे होते. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणाले. सिराज म्हणाला, "चलेगा, वैसे भी घिसे हुए हैं." म्हणून ते त्याचा मुलगा अरशद यास.

४. त्या सकाळी ताई वज्रेश्वरीला दर्शनाला गेली होती. तो माणूस म्हणाला, "नव्या नाटकातलं आईचं काम त्यांच्यासाठीच ठेवलं होतं. आम्हाला उशीर झाला." मी त्याला पाणी दिले. माझी बायको वनिता जाऊन वर्ष झाले होते. ताईही नाटकासाठी मुंबईला गेली असती तर घरात बोलायला कोणी उरले नसते. ताई जिवंत आहे, एवढ्या एका वाक्याचे काम होते, ते मी केले नाही. नंतर तिला कोणाचा फोन आला नाही. ती रोज फोन चार्जिंगला लावून समोर बसायची. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, जीभ जड झाली. आता कोणी बोलावले तरी उपयोग नाही.

५. माझ्या फोटोला चंदनाचा हार घालू नये.

६. आज सकाळी पूजा आटोपून ताईला समोर बसवले आणि सगळे सांगितले. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. मग अडखळत म्हणाली, "पंढरी, तू खोटं बोलला न्हायस. तू बोललाच न्हायस." थोड्या वेळाने विचारले, "काम किती अंकांत व्हतं?"

मला ठाऊक नव्हते. तेवढेही मी त्या माणसाला विचारले नव्हते.

मग मी स्टुलावर चढून हार काढला आणि खाडीत सोडून आलो. फोटो भिंतीवर आहे.

सही: पंढरी विठू म्हात्रे

आमच्यासमोर सही केली:
१. सिराज मोमीन, भिवंडी
२. राघो भोईर, कोन

कोन, दि. १४ नोव्हेंबर २०२५